कुरळ्या केसांचं वासरू: कारण रक्तातलं, चाऱ्यातलं की आजाराचं?

चिकोडीचा_गोठा
नमस्कार मंडळी. आमच्या एचएफ (होल्स्टीन-फ्रिजियन) संकरित गाईला कालवड झाली आहे. काळीपांढरी, अंगानं भरलेली. चीक पोटभर प्याली, गोठाभर उड्या मारते. पण अंगावरचे सगळे केस कुरळे आहेत. मान, पाठ, मांड्या, कुठंही हात फिरवला तरी आखूड, गच्च वळलेले केस लागतात. गाईचे केस सरळ आहेत. रेतन दवाखान्यातून करून घेतलं होतं, त्यामुळं वळू कसा होता ते माहीत नाही.

घरात एकेकाचं एकेक मत. आत्या म्हणते कुरळं जनावर लक्ष्मीचं असतं. शेजारचे काका म्हणतात पोटात जंत आहेत. एक व्यापारी सहज म्हणून बघून गेला, त्यानं सांगितलं की अशा गाई दुधाला टिकत नाहीत, आत्ताच द्या. मला द्यायची नाहीच. पण गाभणपणी गाईला उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, जास्त पडलं होतं, त्यानं वासरात काही उणं राहिलं का, ही रुखरुख आहे. जाणत्यांनी सांगावं.

हुक्केरीचे_तात्या
कालवड विकू नकोस बाळा. व्यापाऱ्यानं खोट काढली म्हणजे जनावरात खोट असतेच असं नाही.

आमच्या भागात खिल्लार बघायची रीत अशी: केस आखूड, अंगाला चिकटलेले, कातडी तुकतुकीत, हात फिरवला की घसरला पाहिजे. चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत बैल घेताना माणसं आधी पायाकडं बघतात, मग कातडीकडं, मग भोवरे मोजतात. अंगभर कुरळा खिल्लार माझ्या बघण्यात नाही. एचएफच्या वासरांत मात्र कपाळावर, मानेवर वळलेले केस बघितलेत. म्हणजे हे परदेशी रक्तातनं येत असावं, असं माझं मत. डॉक्टर लोकांनी पुढं बोलावं.

निपाणी_पशुवैद्य
तात्यांचा अंदाज बऱ्याच अंशी बरोबर आहे. पण कुरळे केस दिसले की कारण एकच धरू नये. मी गोठ्यात गेल्यावर आधी हे विचारतो: केस जन्मल्यापासून असे आहेत की नंतर झाले? सगळ्या अंगावर आहेत की ठिगळाठिगळानं? आणि जनावर एरवी कसं आहे, खातं-पितं, वाढतं, खेळतं का?

जन्मापासून, सगळ्या अंगावर आणि वासरू ठणठणीत, असं असेल तर कारण बहुतेक वेळा आनुवंशिक असतं. आधी सरळ असलेले केस मध्येच राठ, निस्तेज, वाकडेतिकडे झाले असतील तर मी चारा, खनिजं, जंत, उवा आणि त्वचारोग या बाजूनं शोधतो. तुमच्या वर्णनावरून कालवड पहिल्या गटात बसते.

जंतांबद्दल काकांना सांगा, जंतांनी केस उभे राहतात, चमक जाते, पोट सुटतं. जन्मलेल्या दिवशीच अंगभर वळ्या पडलेल्या असतात, हे जंतांचं काम नव्हे.

रायबागचा_विद्यार्थी
मी जनुकशास्त्र शिकतो. हा माझ्या आवडीचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

केस म्हणजे मुख्यतः केराटिन नावाचं प्रथिन. कातडीत ज्या पिशवीत केस तयार होतो तिथं वाढत्या केसाभोवती एक आतलं आवरण असतं. केस मऊ असताना या आवरणातून वर सरकतो आणि सरकतानाच घट्ट होतो. सोऱ्याच्या ताटलीचं भोक जसं असेल तशी शेव किंवा चकली पडते, तसंच हे आहे. आवरण सरळ आणि सगळीकडून सारखं असेल तर केस सरळ येतो. आवरण वाकडं असेल किंवा एका बाजूनं कमजोर असेल तर केस वळत जातो.

या आवरणाची स्वतःची वेगळी केराटिनं असतात. त्यांची जनुकं केराटिन-२५, २७, ७१ अशा क्रमांकांनी ओळखतात. त्यातल्या एखाद्यात एका अक्षराचा फरक पडला तरी केसाचं वळण बदलतं. कुत्र्यांच्या कुरळ्या जातींत केराटिन-७१ मधला फरक २००९ मध्ये सापडला. डेव्हन रेक्स नावाच्या कुरळ्या मांजरांतही हेच जनुक आहे. अमेरिकेतल्या कुरळ्या घोड्यांत २०१७ मध्ये केराटिन-२५ पुढं आलं.

गाईंबाबत सांगायचं तर, जगभरच्या संशोधकांनी मिळून 'एक हजार वळू जनुकसंच प्रकल्प' चालवला. त्याचा पहिला मोठा निबंध २०१४ मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये आला. २३४ जनावरांचा पूर्ण जनुकसंच वाचला होता. त्यात १२९ होल्स्टीन-फ्रिजियन, ४३ फ्लेकव्ही आणि १५ जर्सी होती. एकूण २ कोटी ८३ लाख ठिकाणी जनावराजनावरांत फरक आढळले. ही माहिती वापरून त्यांनी दुधाचा अभ्यास केला, आणि त्याच निबंधात कुरळ्या केसांचाही केला. फ्लेकव्ही ही जर्मनी-ऑस्ट्रियाकडची सिमेंटल कुळातली जात, तिच्यात कुरळी जनावरं पुष्कळ. तिथं केराटिन-२७ कडं बोट गेलं.

तेव्हा आत्यांना जरूर सांगा, कुरळेपणाचं मूळ केसाच्या मुळाशीच आहे.

खानापूरची_वहिनी
विद्यार्थी भाऊ, छान समजावलंत. मी पावसाकडच्या बाजूची, जांबोटी रस्त्याला आमचं गाव. आमच्याकडं पावसाळ्यात महिना महिना ऊन दिसत नाही. गोठ्यात ओल असते आणि वासराला आई सारखी चाटते. चाटलेले केस ओले राहून तसेच वळून वाळतात, नवीन माणसाला ते कुरळेच वाटतात. कोरड्या फडक्यानं पुसून, ब्रशनं विंचरून बघायचं. खरे कुरळे असतील तर परत वळतात, चाटण्याचे असतील तर सरळ होतात.

दुसरं म्हणजे उवा. ओलीच्या दिवसांत वासरांच्या मानेवर, कानामागं उवा होतात. वासरू अंग घासतं, केस तुटतात, गुंततात. आणि गजकर्ण झालं तर गोल गोल चट्टे पडतात, त्यावर राखाडी खपली धरते. ते आपल्याही हाताला होतं हो, मुलांना लांब ठेवा. आमच्या भागातल्या बायकांना मी हेच सांगते, केस बघायचे तर खालची कातडीही बघा. कातडी स्वच्छ, मऊ असेल तर घाबरायचं कारण नाही.

चिकोडीचा_गोठा
वहिनी, आजच पुसून आणि विंचरून बघितलं. परत वळले. कातडी स्वच्छ आहे.

डॉक्टरसाहेब, वाड्याचं काय? ती शंका मनातून जात नाही.

निपाणी_पशुवैद्य
वाड्याचा प्रश्न महत्त्वाचा आहे, आपल्या चिकोडी-रायबाग-अथणी पट्ट्यात तर फारच. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की महिनोन्‌महिने जनावरांपुढं वाडंच पडतं. वाड्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. नुसत्या वाड्यावर गाभण गाय ठेवली तर तिची हाडं झिजतात, व्याल्यावर ती खाली बसून उठू न शकण्याचा धोका वाढतो. गाईसाठी ही काळजी जरूर घ्या. पण कॅल्शियम कमी पडलं म्हणून वासराचे केस कुरळे होत नाहीत.

केसांशी खरा संबंध आहे तांब्याचा. तांबं शरीरात अगदी थोडं लागतं, पण केसासाठी दोन ठिकाणी लागतं. एक म्हणजे रंग. केसाचा काळा रंग बनवणाऱ्या विकराला तांबं हवं असतं. ते कमी पडलं की काळं जनावर तांबूस, विटकं दिसायला लागतं, डोळ्यांभोवतीचे केस फिके पडून कडं उमटतं. दुसरं म्हणजे केसाची बांधणी. केराटिनचे धागे गंधकाच्या बंधांनी एकमेकांना जोडलेले असतात, ते बंध नीट जुळायला तांबं लागतं. न जुळल्यास केस राठ आणि कमजोर होतो.

मेंढ्यांत हे फार स्पष्ट दिसतं. तांबं कमी पडलेल्या मेंढीच्या लोकरीची नैसर्गिक वळणं जातात आणि लोकर ताठ, तारेसारखी सरळ होते. म्हणजे उणिवेनं केस कुरळेच होतात असा नियम नाही, मेंढीत तर कुरळे केस सरळ होतात.

तांब्याची उणीव नेहमी चाऱ्यात तांबं नसल्यामुळंच होते असंही नाही. चाऱ्यात-पाण्यात मॉलिब्डेनम, गंधक किंवा लोह जास्त असेल तर ते पोटात तांब्याला अडवून धरतं. चाऱ्यातलं तांबं मग रक्तापर्यंत पोचत नाही.

तुमच्या कालवडीचा काळा रंग गडद आहे का? डोळ्यांभोवती फिकं कडं आहे का? रंग गडद असेल आणि ती वाढत असेल तर तांब्याचा संशय मी धरणार नाही. गाईला मात्र चांगल्या प्रतीचं खनिज मिश्रण रोज द्या, पाकिटावर लिहिलेल्या मापानं.

एक गोष्ट सगळ्यांसाठी. गाईंचं खनिज मिश्रण मेंढ्यांना घालू नका. मेंढीला जादा तांबं सोसत नाही, यकृतात साठतं आणि एक दिवस अचानक मेंढी दगावते. एकाच गोठ्यात दोन्ही जनावरं असणाऱ्यांनी हे नक्की ध्यानात ठेवावं.

चिकोडीचा_गोठा
रंग एकदम गडद आहे. कडं नाही. मनावरचं ओझं उतरलं बघा.

संकेश्वर_दूधवाला
मी कुठंतरी वाचलं होतं की कुरळ्या केसांची वासरं हृदयविकारानं मरतात. हे खरं आहे का? असलं तर भावाला आत्ताच सांगायला पाहिजे.

निपाणी_पशुवैद्य
प्रश्न काढलात ते बरं झालं. असा आजार आहे, पण तो कुणाच्या गाईत आहे ते बघा.

ऑस्ट्रेलियात बिनशिंगी हेरफर्ड गाईंत असा दोष होता. वासरू जन्मतःच गच्च लोकरी केसांचं, आणि त्याच्या हृदयाचा स्नायू कमजोर. बहुतेक वासरं १२ आठवड्यांच्या आत जायची, काही तर उभ्या उभ्या कोसळायची. २००९ मध्ये त्याचं जनुक सापडलं. आई आणि बाप दोघांकडून दोषी जनुक आलं तरच वासरात आजार दिसतो. एका बाजूनं आलं तर जनावर वरून चांगलं दिसतं, पण पुढं ते देऊ शकतं. माणसांतही लोकरी केस आणि हृदयाचा आजार जोडीनं येणारे काही दुर्मीळ विकार आहेत. त्यातला एक ग्रीसमधल्या नॅक्सोस बेटावरून ओळखला गेला. कातडीच्या पेशींना आणि हृदयाच्या पेशींना जोडून ठेवणारी प्रथिनं काही प्रमाणात एकच आहेत, म्हणून ही जोडी दिसते.

आपल्याकडच्या दुधाच्या गोठ्यात हेरफर्डचं रक्त येण्याचा संबंध नाही. ती मांसाची जात आहे, आपल्याकडं रेतन एचएफ आणि जर्सीचं चालतं. तरीही कुरळं वासरू सुस्त असेल, दूध ओढताना धापा टाकत असेल, गळ्याखाली पाणी उतरल्यागत सूज असेल तर जवळच्या डॉक्टरला बोलावून छाती तपासून घ्यावी. उड्या मारणाऱ्या कालवडीसाठी मात्र झोप उडवून घेऊ नका.

हेरफर्डमध्येच आणखी एक प्रकार आहे, त्यात केस कुरळे तर असतातच पण विरळही असतात, कातडी दिसते. तिथं केराटिन-७१ मध्ये तुकडा गळलेला आढळला आहे. त्या वासरांना ऊन आणि थंडी दोन्ही बाधतात. तुमच्या कालवडीचे केस दाट आहेत, तेव्हा तेही नाही.

अथणीचा_खिल्लारवाला
केस सरळ का कुरळे, ह्याच्यापेक्षा केस किती दाट आणि किती लांब हे आमच्याकडं जास्त मोलाचं हाय. चैत्र-वैशाखात अथणीकडं या, ऊन काय असतंय ते कळंल. दुपारच्याला खिल्लार बैल निवांत रवंथ करत बसतो आणि पलीकडं संकरित गाय जीभ बाहेर काढून धापा टाकत असती. खिल्लाराचा पांढरा रंग, आखूड केस, काळी कातडी, हे सगळं ह्या उन्हासाठीच घडलंय.

दादा, तुझी कालवड कुरळी असू दे, पण उन्हाळ्यात तिला सावली आणि दिवसभर पाणी लागंल. गोठ्यावर पत्रा असंल तर वर पाचट टाक. केस दाट असतील तर घाम वाळत न्हाई, हे ध्यानात ठेव.

रायबागचा_विद्यार्थी
खिल्लारवाल्या अण्णांच्या म्हणण्याला शास्त्राचा भक्कम आधार आहे. ऑस्ट्रेलियात टर्नर आणि श्लेगर या दोघांनी १९६० मध्ये गाईंच्या केसांना गुण देण्याची पद्धत मांडली. अगदी आखूड, चिकटलेल्या केसांना १ आणि अगदी लोकरी केसांना ७. उष्ण भागात गुळगुळीत केसांची जनावरं लोकरी जनावरांपेक्षा चांगली वाढतात, हे त्यांनी दाखवलं. देशी गाईंना घामाच्या ग्रंथीही जास्त आणि मोठ्या असतात, त्याचाही फायदा होतो.

थंड देशांत गाईंना हिवाळ्यात लांब केस येतात आणि उन्हाळ्यात गळतात. हे मुख्यतः दिवसाच्या लांबीवर ठरतं, थंडी त्यात दुय्यम. इंग्लंडात हिवाळ्यातला दिवस आठ तासांचा आणि उन्हाळ्यातला सोळाच्या वर. आपल्या बेळगावकडं सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात जेमतेम पावणेदोन-दोन तासांचा फरक. त्यामुळं केस बदलण्याची जी खूण त्या गाईंच्या अंगात बसलेली आहे, ती इथं मंदच मिळते. संकरित जनावरांचे केस आपल्याकडं वेळेवर का गळत नाहीत याचं एक कारण हे असावं, असं मला वाटतं.

या सगळ्यात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक येतं. दूध आणणारं म्हणून आपण ते ओळखतो, पण केसांवरही त्याचा अंमल चालतो. न्यूझीलंडमध्ये काही गाई अतिशय केसाळ जन्मल्या. त्यांना उष्णता सोसत नव्हती, दूधही येत नव्हतं. २०१४ मध्ये कळलं की त्यांच्या प्रोलॅक्टिनच्या जनुकातच बदल झाला होता. त्याच अभ्यासात कॅरिबियन बेटांवरच्या सेनेपोल गाईंत उलटा प्रकार सापडला. प्रोलॅक्टिनचा निरोप घेणाऱ्या भागात बदल, त्यानं केस आखूड आणि उष्णता सोसण्याची ताकद जास्त. तो गुण आता संकरातून होल्स्टीन गाईंत आणलेला आहे.

संकेश्वर_दूधवाला
मग व्यापारी म्हणाला ते खरंच की! केसाळ गाईला दूध नाही.

निपाणी_पशुवैद्य
थांबा, गल्लत होते आहे. न्यूझीलंडच्या त्या गाई लांब केसांच्या होत्या, कारण प्रोलॅक्टिनमध्ये होतं. केराटिनमधल्या बदलानं फक्त केसात फरक पडतो, कासेशी त्याचा संबंध नाही. युरोपात कुरळ्या फ्लेकव्ही गाई डेअरीला रोज दूध घालतात. कालवड किती दूध देईल हे बघायचं तर आईचं दूध बघा, त्या वळूच्या इतर मुलींचं दूध बघा आणि कालवडीला पहिलं वर्ष कसं सांभाळता ते बघा. केसावरून दूध ठरवून दर पाडणारा माणूस तुमचं नुकसान करतो आहे, हे मी स्पष्टच सांगतो.

हुक्केरीचे_तात्या
डॉक्टर, भोवऱ्यांचं काय ओ? आमच्या वडिलांचा त्यावर फार भरोसा. कपाळावरचा भोवरा डोळ्याच्या वर असला तर जनावर तापट म्हणायचे.

रायबागचा_विद्यार्थी
तात्या, भोवरा आणि कुरळेपणा हे वेगळे. भोवऱ्यात केस सरळच असतो, फक्त उगवण्याची दिशा गोल फिरते. आणि तुमच्या वडिलांच्या म्हणण्यासारखंच काहीतरी अमेरिकेत मोजलं गेलं आहे. टेंपल ग्रँडिन यांनी १९९५ मध्ये दीड हजार गुरांचा अभ्यास मांडला. खोड्यात अडकवल्यावर डोळ्यांच्या वर भोवरा असलेली जनावरं जास्त बिथरत होती. गर्भात कातडी आणि मेंदू एकाच थरापासून बनतात, म्हणून तसा संबंध असू शकतो. शुभ-अशुभाचं मात्र त्यात काही नाही.

हुक्केरीचे_तात्या
वडील असते तर हे त्यांना वाचून दाखवलं असतं. लिहीत जा रे पोरा.

खानापूरची_वहिनी
एक विचारू? जन्मताना कुरळे असलेले केस पुढं सरळ होतात का? आमच्या एका कालवडीचे झाले होते.

निपाणी_पशुवैद्य
होतात, ताई. वासराचे जन्मताचे केस मऊ आणि थोडे लहरी असतात, काही महिन्यांत ते गळून मोठेपणीचे केस येतात. तुमच्या कालवडीचं तेच झालं असणार. जनुकातला कुरळेपणा असेल तर नवे केसही वळलेलेच येतात. म्हणून पहिले केस गळेपर्यंत थांबणं हीच सगळ्यांत सोपी आणि बिनखर्चाची परीक्षा. उतावळेपणानं कात्रीनं कापून बघू नका, कापलेल्या केसावरून काही कळत नाही.

कुणाला पुढं कधी जनुक तपासायला नमुना द्यायचाच झाला तर शेपटीच्या गोंड्यातले वीस-तीस केस मुळासकट उपटून कोऱ्या कागदात ठेवावेत. डीएनए मुळाशी असतो.

चिकोडीचा_गोठा
सगळ्यांचे आभार. आता शेवटचं विचारतो. हीच गाय पुन्हा माजावर आली की त्याच वळूचं रेतन करू का? आणि ही कालवड पुढं भरवायची, म्हणजे गाभण करायची, तेव्हा काय बघू?

निपाणी_पशुवैद्य
गाय निरोगी व्याली आणि कालवड निरोगी असेल तर त्याच वळूचं रेतन करायला कुरळ्या केसांमुळं अडचण नाही. मात्र रेतन करणाऱ्याकडून कांडीवरचा, म्हणजे वीर्याच्या नळीवरचा, वळूचा नंबर मागून घ्या. कांडीवर तो छापलेला असतो, जातही असते. कालवडीच्या कानात बिल्ला मारून घ्या. त्यावरच्या १२ आकडी नंबरासमोर वहीत आईचा नंबर, वळूचा नंबर आणि जन्मतारीख लिहा. 'जन्मतः कुरळी' असंही लिहा. तुमच्या गावात त्याच वळूची आणखी वासरं असतील तर जाऊन बघा. सरळ केसांच्या गाईंना त्या वळूपासून निम्मी वासरं कुरळी झालेली दिसली तर गुण एकट्या बापाकडून येतो आहे. क्वचितच एखादं दिसलं तर तो आई आणि बाप दोघांकडून आलेला असण्याची शक्यता जास्त.

कालवड भरवताना वय बघू नका, वजन बघा. एचएफ संकरित कालवड साधारण २५० किलोच्या पुढं गेली की भरवावी. आणि त्या वेळी वहीतला नंबर काढून रेतन करणाऱ्याला दाखवा, बापाचीच कांडी मुलीला पडता कामा नये. लपून राहिलेले दोष वर येतात ते अशाच जवळच्या रक्तात.

चिकोडीचा_गोठा
कांडीचा नंबर दवाखान्यातून मिळाला. त्याच वळूचं एक खोंड शेजारच्या गावात आहे म्हणाले. उद्या जाऊन बघून येतो, फोटो इथंच टाकतो.